गिटारच्या बरोबरीने: जॉन लॉर्ड यांचा ऑर्गन आणि रॉकमधील कीबोर्डवादकाची जागा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: लहानपणी तुम्ही सहा वर्षे पेटी शिकलात, आता मित्रांच्या रॉक बँडमध्ये कीबोर्ड वाजवता; परंतु दोन गिटार आणि ड्रम सुरू झाले की तुमचे वादन कुणालाच ऐकू येत नाही. बँडमधील मित्रांचे म्हणणे असे की, रॉकमध्ये कीबोर्ड हा मागे धूसर पडदा धरण्यापुरताच असतो. डीप पर्पल या बँडचे कीबोर्डवादक जॉन लॉर्ड यांचे नाव तुम्ही सतत ऐकता, म्हणून त्यांनी ही अडचण कशी सोडवली आणि त्यांच्या कारकिर्दीतून तुम्ही नेमके काय घ्यावे, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. मी स्वतः पेटीवरूनच ऑर्गनकडे आलो आणि गेली अनेक वर्षे बँडमध्ये वाजवतो व शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे.

मित्रांचे म्हणणे मला मान्य नाही. बहुतेक कीबोर्डवादक गिटारने सोडलेल्या फटी शोधतात आणि मोठ्या आवाजाच्या बँडमध्ये अशा फटी फार थोड्या उरतात. लॉर्ड यांनी फटी शोधल्या नाहीत. गिटारचा आवाज जिथे वसतो, त्याच मध्यम पट्ट्यात, तितक्याच भरीव आणि खरखरीत आवाजाने त्यांनी ऑर्गन उभा केला. त्यासाठी बोटांचा वेग पुरेसा नव्हता. आपले वाद्य आतून कसे चालते, हे त्यांना पक्के ठाऊक असावे लागले. त्यांच्या आयुष्यातील बाकीच्या गोष्टी रंजक आहेत, परंतु तुमच्या प्रश्नाचे उत्तर या एका निर्णयात आहे.

जॉन लॉर्ड यांचा जन्म ९ जून १९४१ रोजी इंग्लंडमधील लेस्टर येथे झाला. वडील हौशी सॅक्सोफोनवादक होते आणि मुलाने पाचव्या वर्षापासून पाश्चात्त्य अभिजात पद्धतीने पियानोचे शिक्षण घेतले. बाख या जर्मन अभिजात संगीतकाराचे संगीत हातात आणि कानात बसलेले असतानाच जेरी ली लुईस यांचे रॉक अँड रोल पियानोवादन आणि जिमी स्मिथ यांचे जॅझ-ब्लूज ऑर्गनवादन त्यांच्या कानावर पडले. काही काळ त्यांनी वकिलाच्या कचेरीत कारकुनी केली. पुढे अभिनय शिकण्यासाठी ते लंडनला गेले आणि सेंट्रल स्कूल ऑफ स्पीच अँड ड्रामा या संस्थेत दाखल झाले. खर्च भागवण्यासाठी ते क्लबांतून आणि मद्यालयांतून वाजवू लागले आणि हळूहळू तेच त्यांचे काम झाले. १९६४ पासून ते आर्टवुड्स या रिदम अँड ब्लूज बँडमध्ये होते. त्या बँडला मोठे यश मिळाले नाही, पण रोज वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या श्रोत्यांपुढे वाजवण्याची ती चार-एक वर्षे मला त्यांच्या घडणीत फार महत्त्वाची वाटतात. १९६८ मध्ये डीप पर्पल स्थापन झाला तेव्हा ते सव्वीस वर्षांचे, मुरलेले वादक होते.

आता वाद्याकडे येतो, कारण पेटी शिकलेल्या माणसाला हॅमंड ऑर्गन हा इतर अनेकांपेक्षा लवकर समजतो. लॉरेन्स हॅमंड यांनी हा ऑर्गन १९३० च्या दशकात तयार केला आणि १९३५ पासून तो बाजारात आला. त्यात ना सूर असतात ना भाता. विजेच्या मोटरवर धातूच्या दातेरी चकत्या अखंड फिरत असतात. लॉर्ड वाजवत असलेल्या सी-३ या प्रकारात अशा ९१ चकत्या आहेत. प्रत्येक चकतीसमोर चुंबक आणि तारेचे वेटोळे असते आणि चकतीचे दाते त्याच्यासमोरून जाताना जो सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो, तोच पुढे आवाज होतो. प्रत्येक पट्टीच्या स्वराची घडण नऊ ड्रॉबारनी ठरते: एक मूळ स्वर देतो, एक खालचे सप्तक, एक पंचम, बाकीचे वरचे सहायक नाद. पेटीत तुम्ही खर्जाचे सूर उघडता, कपलर लावता; इथे तेच काम नऊ दांड्या थोड्या थोड्या बाहेर ओढून अधिक बारकाईने करता येते.

पियानो आणि हॅमंड यांतील मुख्य फरक पेटीवाल्याला सांगावा लागत नाही. पट्टी जोरात दाबली काय किंवा हळू दाबली काय, आवाजात फरक पडत नाही. पट्टी दाबलेली आहे तोवर स्वर टिकतो आणि सोडली की तत्क्षणी थांबतो. पेटीत लहान-मोठेपणा भात्यातून येतो, हॅमंडमध्ये उजव्या पायाखालच्या पेडलमधून. लॉर्ड यांच्या मैफलींची चित्रीकरणे पाहताना सगळे त्यांच्या हातांकडे पाहतात. तुम्ही शक्य तिथे त्यांच्या पायाकडे पाहा. वाक्याच्या शेवटी आवाज किंचित उचलणे, गायकाने श्वास घेतला की पुढे येणे, तो गाऊ लागला की मागे जाणे, हे सारे त्या पायात आहे. चांगला पेटीवादक गायकाच्या मागे भाता जसा सांभाळतो, तसेच ते काम आहे.

या यंत्राची एक गंमत भारतात वाजवणाऱ्याने माहीत करून घेण्यासारखी आहे. मोटर विजेच्या वारंवारितेशी बांधलेली असल्यामुळे अमेरिकेतील ६० हर्ट्झसाठी बनवलेला हॅमंड आपल्याकडील किंवा इंग्लंडमधील ५० हर्ट्झवर तसाच लावला, तर संपूर्ण वाद्य सहास पाच या प्रमाणात, म्हणजे बरोबर षड्ज ते कोमल गंधार इतके, खाली उतरते. शिवाय बाक आणि पायपट्ट्या धरून त्याचे वजन १८० किलोंहून अधिक भरते. अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना दौरे करणाऱ्या बँडसाठी हे वाद्य बाळगणे म्हणजे काय असेल, याची कल्पना यावरून यावी. लॉर्ड यांचा मूळ सी-३ निकामी झाला, तेव्हा १९७३ मध्ये त्यांनी फ्लीटवुड मॅकच्या क्रिस्टिन मॅकव्ही यांच्याकडून दुसरा सी-३ घेतला आणि त्यांचे पुढचे बहुतेक वादन त्याच वाद्यावर झाले.

हॅमंड सहसा लेस्ली नावाच्या स्पीकरमधून वाजवतात. त्यात वरचा कर्णा आणि खालचा ढोल फिरत असल्यामुळे आवाज घुमतो आणि लहरतो. चर्चमध्ये, जॅझमध्ये हा आवाज अतिशय सुंदर लागतो. परंतु शेजारी बँडचे गिटारवादक रिची ब्लॅकमोर मार्शलच्या मोठ्या ॲम्प्लिफायरमधून गिटार वाजवत असताना लेस्लीचा टिकाव लागेना. यावर लॉर्ड यांनी काढलेला मार्ग आज साधा वाटतो: त्यांनी ऑर्गनही गिटारसाठी बनवलेल्या मार्शल ॲम्प्लिफायरला जोडला. त्यामुळे आवाज मोठा झालाच, पण त्याचा पोतही बदलला. ॲम्प्लिफायरमधील व्हॉल्व्हला, म्हणजे निर्वात नळीला, झेपेल त्यापेक्षा अधिक संकेत दिला की त्याची टोके कापली जातात, मूळ स्वरात नसलेले नवे सहायक नाद तयार होतात आणि स्वर गुरगुरल्यासारखा, खरखरीत होतो. पट्टी दाबताना होणारा हॅमंडचा मूळचा बारीक ‘टक्’ असा आवाजही त्यामुळे ठळक होतो आणि गिटारच्या तारेवर पिक आदळावा तशी धार येते. डीप पर्पलच्या अनेक ध्वनिमुद्रणांत गिटार कुठे संपली आणि ऑर्गन कुठे सुरू झाला, हे नवख्या कानाला सांगता येत नाही. माझ्या अनेक विद्यार्थ्यांनी ऑर्गनला गिटार समजून मला प्रश्न विचारले आहेत.

मात्र असा आवाज वापरणाऱ्याला वाजवण्याची रीतच बदलावी लागते आणि नेमके हेच अनुकरण करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. दोन स्वर एकत्र अशा खरखरीत ॲम्प्लिफायरमधून गेले की त्यांच्या वारंवारितांच्या फरकाइतका आणखी एक खालचा नाद आपोआप ऐकू येऊ लागतो. षड्ज-पंचम वाजवले तर हा नाद षड्जाच्याच खालच्या सप्तकात पडतो, त्यामुळे जोडी अधिकच भक्कम होते. षड्ज-मध्यम वाजवले तरी तो मध्यमाच्याच मंद्र रूपात जाऊन बसतो. पण षड्ज-गंधार वाजवा: समविभागी सप्तकातला, म्हणजे सप्तकाचे बारा समान भाग पाडून मिळणारा, गंधार मुळातच थोडा चढा, हे पेटीच्या निमित्ताने आपल्याकडे पुष्कळदा बोलले गेले आहे. तो चढेपणा इथे शतपट बोचतो आणि खालच्या सप्तकात तर नुसता चिखल होतो. म्हणून लॉर्ड खालच्या भागात बहुतांशी षड्ज, पंचम आणि सप्तकाच्या जोड्या वाजवतात आणि भरलेले, तीन-चार स्वरांचे कॉर्ड वरच्या सप्तकात किंवा आवाज स्वच्छ ठेवलेल्या जागी राखून ठेवतात. ‘स्मोक ऑन द वॉटर’ची जगप्रसिद्ध सुरावट मध्यमांच्या जोड्यांतच बांधलेली आहे. सुरुवातीला ती एकट्या गिटारवर येते, मग हाय-हॅट (ड्रमसंचातील पायाने मिटणारी झांज) आणि खरखरीत ऑर्गन येऊन मिळतात, त्यानंतर उरलेले ड्रम, आणि शेवटी बेस. ऑर्गन येतो त्या क्षणी सुरावट किती रुंद होते, हे हेडफोन लावून ऐका. तिथे तो एकही नवा स्वर वाजवत नाही, तरीही तो नसता तर ती सुरावट इतकी विशाल वाटली नसती.

या आवाजापर्यंत ते एका दिवसात आले नाहीत. बँडच्या पहिल्या दोन वर्षांत त्यांची दिशा दोन्हीकडे ओढली जात होती. १९६८ मध्ये त्यांचे ‘हश’ हे गीत अमेरिकेच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेले. २४ सप्टेंबर १९६९ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये लॉर्ड यांनी लिहिलेला ‘कॉन्चेर्टो फॉर ग्रुप अँड ऑर्केस्ट्रा’ सादर झाला: एकीकडे डीप पर्पल, दुसरीकडे रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा, आणि संचालक म्हणून माल्कम अर्नल्ड. तीन भागांची ही रचना संपूर्णपणे स्वरलिपीत लिहिणारा माणूस त्या वेळी एका रॉक बँडचा ऑर्गनवादक होता, हे आजही मला विलक्षण वाटते. त्या काळी वाद्यवृंदातल्या अनेकांना या बँडबद्दल फारसा आदर नव्हता आणि अर्नल्ड ठामपणे पाठीशी उभे राहिले नसते, तर प्रयोग पार पडणे अवघड होते. परंतु ब्लॅकमोर यांना बँड या वाटेने न्यायचा नव्हता. पुढचा अल्बम पूर्णपणे कठोर रॉकचा असावा, असा त्यांचा आग्रह होता. लॉर्ड यांनी तो मान्य केला आणि १९७० चा ‘डीप पर्पल इन रॉक’ जन्माला आला. इथे लॉर्ड यांचा मोठेपणा मला कॉन्चेर्टोपेक्षाही अधिक दिसतो. नुकतेच ज्याला आपले स्वप्न साकारण्याची संधी मिळाली होती, तो माणूस मित्राची बाजू ऐकून मागे सरला, आणि मागे सरून आयुष्यातील सर्वोत्तम ऑर्गनवादन करू लागला.

त्याच अल्बममधील ‘चाइल्ड इन टाइम’चा उल्लेख आपल्यासाठी दुहेरी कारणाने आवश्यक आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘इट्स अ ब्यूटिफुल डे’ या बँडची ‘बॉम्बे कॉलिंग’ नावाची एक वाद्यरचना होती. तिची सुरावट लॉर्ड संथ लयीत वाजवत असता त्यातून दहा मिनिटांहून मोठे हे गीत उभे राहिले, हे गायक इयन गिलन यांनी स्वतः सांगितले आहे. त्या बँडनेही पुढे डीप पर्पलची एक रचना आपल्या रचनेसाठी उचलली, त्यामुळे देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली. मुंबईचे नाव असलेल्या त्या सुरावटीवर वाढलेला हा बँड एप्रिल १९९५ मध्ये खरोखरच मुंबईत येऊन वाजवून गेला. तेव्हा गिटारवर नव्याने आलेले स्टीव्ह मोर्स होते आणि ऑर्गनवर लॉर्ड होते. ‘चाइल्ड इन टाइम’ची सुरुवात तुमच्यासारख्या विद्यार्थ्याने जरूर अभ्यासावी. ऑर्गन तिथे जवळजवळ पेटीसारखा, हळू आवाजात, मोजक्या स्वरांनी गायकाला आधार देतो. पुढे आवाज चढत जातो, पण ती चढण स्वरांची संख्या वाढवून साधलेली नाही. पेडल, ड्रॉबार आणि ॲम्प्लिफायर यांनी ती साधली आहे.

१९७१ च्या डिसेंबरमध्ये बँड स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे ध्वनिमुद्रणासाठी गेला. ज्या कॅसिनोत काम करायचे होते, तो ४ डिसेंबरला अमेरिकी रॉक संगीतकार फ्रँक झॅपा यांच्या कार्यक्रमादरम्यान लागलेल्या आगीत जळाला. शेवटी हिवाळ्यासाठी बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या मार्गिकांमध्ये, रोलिंग स्टोन्सच्या फिरत्या स्टुडिओच्या साहाय्याने ‘मशीन हेड’ ध्वनिमुद्रित झाला. त्या अल्बममधील ‘हायवे स्टार’ या गीतातली ऑर्गनची एकल फेरी बाखच्या वळणाच्या कॉर्डमालिकेवर चालते, लहानपणी शिकलेले अभिजात संगीत तिथे सजावट म्हणून आलेले नाही, वेगाच्या पोटात ते मुरलेले आहे. या काळातील गीतांवर रचनाकार म्हणून पाचही जणांची नावे समान छापली जात, हेही लक्षात ठेवा. तुमच्या बँडमध्ये गिटारवाला सुरावट आणतो आणि बाकीचे ‘साथ करतात’ असा हिशेब असेल, तर आवाजाच्या प्रश्नाआधी तो प्रश्न मित्रांसमोर मांडा.

ही एकच वाट होती असे मी म्हणणार नाही. द डोअर्सचे रे मँझरेक डाव्या हाताने बेसचे काम करत, कारण रंगमंचावर त्या बँडमध्ये बेसवादक नव्हता. पिंक फ्लॉइडचे रिचर्ड राइट मुद्दाम मोकळी जागा ठेवत आणि लांबवलेल्या स्वरांनी संपूर्ण गीताचे हवामान ठरवत. कीथ एमर्सन यांनी तर बँडमध्ये गिटारवादकच मुख्य असतो, ही कल्पनाच मोडीत काढली. मात्र तुमच्या बँडमध्ये दोन गिटार आहेत आणि त्या राहणार आहेत, म्हणून लॉर्ड यांची रीत तुमच्या कामाची.

पुढचा प्रवास मी लवकर सांगतो. १९७६ मध्ये बँड फुटला. लॉर्ड यांनी पेस ॲश्टन लॉर्ड हा अल्पायुषी बँड केला, मग १९७८ पासून व्हाइटस्नेकमध्ये वाजवले, आणि १९८४ मध्ये डीप पर्पल पुन्हा एकत्र आल्यावर ते परतले. मधल्या काळात ‘साराबांद’सारखे वाद्यवृंदासह केलेले त्यांचे स्वतंत्र काम चालूच होते. २००२ मध्ये त्यांनी बँड सोडला आणि ऑर्गन डॉन एअरी यांच्या हाती दिला. त्यानंतरचा वेळ त्यांनी मुख्यतः वाद्यवृंदासाठी लिहिण्यात घालवला. डरहम विद्यापीठाने आपल्या १७५ व्या वर्षानिमित्त लिहून घेतलेला ‘डरहम कॉन्चेर्टो’ २००७ मध्ये तेथील कॅथीड्रलमध्ये प्रथम वाजला. १६ जुलै २०१२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग होता.

एक घटना मात्र थांबून सांगावीशी वाटते. १९६९ च्या कॉन्चेर्टोची स्वरलिपी १९७० मध्ये हरवली. सुमारे तीस वर्षांनी मार्को द गुय या तरुण डच संगीतकाराने ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकून ती सारी, वाद्यागणिक, नव्याने लिहून काढली आणि लॉर्ड यांच्यासमोर ठेवली. लॉर्ड यांच्या साहाय्याने ती पूर्ण झाली आणि सप्टेंबर १९९९ मध्ये त्याच रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रासह पुन्हा सादर झाली. केवळ कानांवर विसंबून एवढे मोठे काम उभे राहू शकते, यावर आपल्याकडच्या गुरूसमोर बसून शिकलेल्या माणसाचा लगेच विश्वास बसेल.

आता तुमच्या हातांविषयी. पेटीने तुम्हाला उजव्या हाताची सलगता दिली आहे. सस्टेन पेडलशिवाय (पट्टी सोडल्यावरही स्वर लांबवणाऱ्या पेडलशिवाय) स्वराला स्वर जोडून वाजवणे पियानो शिकलेल्यांना जड जाते, ते तुम्हाला सहज येईल. हॅमंडचा आवाज निवडल्यावर सस्टेन पेडलला पाय लावूच नका. पण तुमचा डावा हात इतकी वर्षे भात्यावर होता. लॉर्ड यांचा डावा हात पाचव्या वर्षापासून बाख वाजवत आला, आणि तुमच्या-त्यांच्यातील सर्वात मोठे अंतर तिथेच आहे. मलाही हे अंतर भरायला काही वर्षे लागली. रोज अर्धा तास केवळ डाव्या हाताने, आधी सरळ अलंकार, मग षड्ज-पंचमाच्या जोड्या एका लयीत, मग उजवा हात गात असताना डाव्याने तीच लय न मोडता धरणे, हा क्रम ठेवा. बेसगिटार वाजत असताना डावा हात मंद्र सप्तकात नेऊ नका. तिथे तुम्ही ऐकू येणार नाहीच, उलट बेसही अस्पष्ट होईल.

वाद्य नवे घेण्याची गरज नाही. तुमच्या कीबोर्डवर ड्रॉबार ऑर्गनचा आवाज असेल तर पहिले तीन ड्रॉबार पूर्ण बाहेर आणि बाकीचे आत ठेवून सुरुवात करा. त्याच्या जोडीला परकशन, म्हणजे स्वराच्या सुरुवातीला येणारा छोटा ठोका, चालू करा, परंतु हे लक्षात असू द्या की खऱ्या हॅमंडमध्ये परकशनचा ठोका आधीच्या सर्व पट्ट्या सोडल्यावरच पुन्हा वाजतो, म्हणून जिथे तो हवा तिथे हात क्षणभर उचलावा लागतो. ध्वनिव्यवस्थेला थेट तार जोडण्याऐवजी एकदा गिटारवादक मित्राच्या ॲम्प्लिफायरमधून वाजवून पाहा, गेन (आवाज किती खरखरीत व्हावा हे ठरवणारी कळ) अर्ध्यापेक्षा खाली ठेवा, आणि आवाज लहान-मोठा करणारे एक एक्स्प्रेशन पेडल मात्र अवश्य मिळवा. त्यानंतर ‘मेड इन जपान’ या १९७२ च्या ऑगस्टमध्ये ओसाका आणि टोकियो येथे ध्वनिमुद्रित झालेल्या अल्बममधील ‘लेझी’ची सुरुवात लावा, जिथे बराच वेळ ऑर्गन एकटाच आहे. पहिल्या दिवशी त्यातला एकही स्वर बसवू नका. कीबोर्डवर एकच स्वर धरून, त्यांच्या आवाजाच्या चढउताराप्रमाणे केवळ पाय हलवा.